पाहुण्याचा पाट

१

उजाडताना तोडलेला झेंडू ऊन चढायच्या आत अमरावतीच्या इतवारा बाजारात पोचला पाहिजे, नाहीतर त्याला कुत्रंही विचारत नाही. नांदगाव पेठेजवळच्या मळ्यात वाढलेल्या गीतांजलीला हे पाळण्यापासून ठाऊक होतं. थोरला भाऊ चंदन टेम्पो चालवायचा, माय गोदाबाई हार गुंफायची आणि गीतांजली बाजारात पोतं अंथरून ते विकायची. पोरगी बी.ए. झालेली, बोलायला पटाईत, चारचौघींत उठून दिसणारी. पण बाजारात बघतंय कोण? गिऱ्हाईक येतं, शेवंती नाकाला लावतं, निशिगंधाचा भाव पाडून मागतं आणि चालू लागतं. वर्षानुवर्षं रोज तिच्याकडून हार नेणारे देवळातले पुजारी एकदा बसस्टँडवर भेटले. तिनं हसून नमस्कार केला, तर ते म्हणाले, "कोन वं पोरी तू?"

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. फुलं सगळ्यांना दिसतात, फुलवाली कोणाला दिसत नाही. तिनं त्याच दिवशी ठरवलं की आता आपण दिसायचं. जगाच्या डोळ्यात भरेल असं दिसायचं.

मार्ग चंदननं दाखवला. त्यानं मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं होतं आणि ते घेतल्यापासून स्वारी हवेतच होती.

"माणूस तेवढा ठेवते, बाकी सारं पुसते," तो म्हणाला. "मांगं पाह्यजे ते लाव. पॅरिस लाव, नाईतं चंद्र लाव. घरबसल्या जग फिरून ये."

मळ्यातल्या घराला लागून फुलांची खोली होती. पोपटी रंगाच्या भिंती, एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली झाकलेला माल, आणि भिंतीतल्या खिळ्याला हारांच्या सुतळीची लड अडकवलेली. उन्हाळ्यातही तिथं गार असायचं आणि पोत्यांतून पाणी ठिबकत असायचं. बाजार उरकून आलं की दुपारी दोघं भाऊबहीण तिथं रील करायला बसायची.

रील साधी होती. गीतांजली एका पाटावर बसून हार गुंफायची. शेजारी दुसरा पाट मांडलेला, त्याच्यापुढं पाण्याचा गडवा, जसं पाहुण्यासाठी मांडतात तसं. मागं पॅरिसचा मनोरा. ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणायची, "या जी, बसा. पानी आनू का?" आणि मग पॅरिसात तूरडाळ काय भावानं मिळते, तिथल्या मनोऱ्यावर आमचे गावचे लोक कापूस वाळत घालतील की नाही, असलं काहीबाही सुरू करायची. लोक हसून लोटपोट व्हायचे.

ॲपची एक खोड त्यांच्या लवकरच लक्षात आली. माणूस ज्यावर बसलाय ते आणि त्यानं हातात जे धरलंय ते ॲप पुसत नसे. म्हणून गीतांजलीचा पाट रीलमध्ये दिसायचा, हातातला हार दिसायचा. पाहुण्याचा पाट मात्र पुसला जायचा, कारण त्यावर कोणी नसायचं.

२

बर्फाच्या डोंगराची रील केली त्या दिवशी पाहुण्याचा पाट राहिला.

चंदन रील टाकून मोकळा झाला होता. गीतांजली जेवता जेवता ती पुन्हा पाहत होती, तेव्हा तिला दिसलं. पांढऱ्याशुभ्र बर्फात ती बसलेली, आणि तिच्या शेजारी बाभळीचा पाट, अगदी खुरांसकट.

"दादा, हे कसं काय?"

चंदननं भाकरीचा घास तसाच हातात धरून पाहिलं. "राहून गेलं असन. तुहा पदर लागला असन त्याले. ॲपले वाटलं, तू दोन पाटांवर बसली."

पदर लागला नव्हता. रीलमध्ये तिचा पदर खोचलेला दिसत होता. पण यंत्र आहे, चुकायचंच, असं म्हणून तिनं विषय सोडला. पुढच्या रीलमध्ये पाटही राहिला आणि गडवाही राहिला.

गडवा जमिनीवर होता. त्याला कोणीही हात लावला नव्हता.

गीतांजलीनं ते दोनदा मागं नेऊन पाहिलं. पण त्याच वेळी मोबाइल किणकिणायला लागला तो थांबेचना. बघणाऱ्यांचा आकडा बघता बघता लाखावर गेला. खाली ओळीवर ओळी येत होत्या. *ताई, पाट कोनासाठी मांडला?* *पाव्हना दिसून नाई राह्यला, पन बसला हाये वाटते.* *पाव्हन्याले चहा पाज न वं.*

चंदन खोलीभर नाचला. गीतांजलीही नाचली. गडव्याचं तिनं त्याला सांगितलंच नाही.

३

नंतरचे दिवस कसे उडाले ते कळलं नाही. पाहुणा हा आता सगळ्यांचाच पाहुणा झाला. लोक त्याची चौकशी करत, त्याचं लग्न जुळवत, कोणी त्याला धारणीकडच्या मधाची बाटली पाठवायला निघालं होतं. इतवारा बाजारात कॉलेजच्या मुली येऊन गीतांजलीबरोबर फोटो काढू लागल्या. देवळातले पुजारी हार न्यायला आले आणि म्हणाले, "अवं, तू त ते पाव्हन्यावाली होय न?" तिला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. पुजारीबुवांनी तिला ओळखलं ते पाहुण्यामुळं, हे मात्र तिच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

रीलमध्ये आता पाटाच्या वरची भिंतही राहू लागली होती. मागं ताजमहाल, आणि त्या संगमरवरात पोपटी भिंतीचा एक तुकडा, खिळ्यासकट आणि सुतळीच्या लडीसकट. तुकडा चौकोनी नव्हता, गोलही नव्हता. खाली रुंद, वर निमुळता, आणि सगळ्यात वर डोक्याएवढा.

ॲप माणूस ठेवतं, बाकी पुसतं. गीतांजलीच्या डोक्यात हे वाक्य गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरायला लागलं.

ती काही भोळीभाबडी नव्हती. तिनं एक दिवस चंदन टेम्पोत डिझेल भरायला गेला असताना पारख करायची ठरवली. पाहुण्याच्या पाटावर लाल भोपळा ठेवला आणि मोबाइल लावून आपण शेजारच्या पाटावर बसली. भोपळा पुसला गेला, पाटही गेला. भोपळा काढून चंदनचा सदरा पोत्यावर चढवून ठेवला. तोही गेला. मग मायला ओढत आणून बसवलं. माय राहिली, पाट राहिला. तिला हायसं वाटलं. यंत्र आपलं काम चोख करत होतं.

मग तिनं मायला उठवलं आणि पाट नुसता ठेवला. पाट राहिला. वर भिंत राहिली.

"माय, तू उठली न?"

"उठली म्हून त उभी हाये तुह्यासमोर."

आता शेवटची पारख. खोलीत कोणी नसलं की ॲप पडद्यावर दोन ओळी दाखवायचं: *कोणी दिसत नाही. समोर या.* गीतांजलीनं मोबाइल तिवईवर लावला, मायला घेऊन बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. दोघी ओट्यावर बसून राहिल्या. आत पोत्यांचं पाणी ठिबकत होतं. मधेच आतून आवाज आला, टक.

पाहुण्याच्या पाटाचा एक खूर लहान होता. त्याच्यावर कोणी नीट टेकून बसलं की तो एका बाजूला कलायचा आणि टक वाजायचा. घरातल्या सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता.

तिनं आत जाऊन मोबाइल पाहिला. त्या दोन ओळी कुठंच आल्या नव्हत्या. रिकाम्या खोलीचं चित्रण ॲपनं मुकाट्यानं करून ठेवलं होतं.

४

"रिकाम्या पाटाले कोनी रोज बसा म्हनते का?" गोदाबाई त्या संध्याकाळी म्हणाली. ती रागावली नव्हती. पीठ मळता मळता सरळ बोलली. "एकडाव म्हनलं, गंमत झाली. तू त रोज बोलावून राह्यली. पानी भी पुढं ठेवते. मांगून कोनी आलं त त्याची काय चूक?"

"काही नाई वं माय," चंदन म्हणाला. "मशीन शिकत असते. रोज पाट पाह्यला त त्याले वाटलं, हाही घरचाच."

चंदनचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि गीतांजलीला ते पटवून घ्यायचं होतं. कारण त्याच दुपारी अकोल्याहून फोन आला होता. तिथल्या एका मोठ्या साडीच्या दुकानाचे मालक उत्तमराव स्वतः बोलले. नव्या मजल्याचं उद्घाटन आहे, गर्दी जमणार आहे, स्टेज आहे, मागं भिंतीएवढा पडदा आहे. तुम्ही तिथं सगळ्यांसमोर रील करायची. लोकांना आवडली तर दुकानाच्या पाट्यांवर वर्षभर तुमचाच फोटो. अकोल्यात चौकाचौकांत.

चौकाचौकांत. रात्रभर तिच्या कानात तोच शब्द घुमत होता. पुरुषभर उंच फोटो, खाली नाव, येणारा जाणारा मान वर करून बघतोय.

अकोल्याला जायच्या आधी एक रील करून ठेवू म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं बसली. रील झकास झाली. पण पाहताना गीतांजलीचा हात आपोआप डाव्या कानाकडं गेला. रीलमध्ये तिला डावा कान नव्हता. केसांच्या कडेपासून मानेपर्यंत सरळ समुद्र दिसत होता. डाव्या हाताची करंगळीही नव्हती, आणि वेणीचं टोक मधेच तुटल्यासारखं संपलं होतं.

"उजेड कमी पडला," चंदन म्हणाला. "कडा खाते ते."

त्यानं दुसरी ट्यूबलाइट लावली. मग बाजारातून गोल दिवा आणला. उजेड वाढत गेला तशी गीतांजली कमी होत गेली. एका रीलमध्ये खांदा गेला, एकीत अख्खा डावा हात. पोपटी तुकडा मात्र स्वच्छ, काठ न काठ रेखलेला.

तिनं आरशात पाहिलं. कान जागच्या जागी होता, कानात चांदीचा झुमका होता. तिनं झुमका ओढून पाहिला. दुखलं. दुखल्याचा तिला फार आनंद झाला.

५

अकोल्याला जायच्या आदल्या संध्याकाळी ती मायजवळ जाऊन बसली. भीती वाटते, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

गोदाबाईनं परडी बाजूला ठेवली. "बसवलं तूनं, आता उठवनं भी तुलेच पडते. निरोप दे त्याले. चांगल्या शब्दात. आन उद्या तिथं जाऊन पुन्हा बसा म्हनू नोको."

"काय म्हनू?"

"काय म्हनतात पाव्हन्याले निघतानी? तेच म्हन."

गीतांजली रात्रभर त्यावर विचार करत होती. जा म्हणायचं का? पण आपल्यात दारात आलेल्या वैऱ्यालाही कोणी जा म्हणत नाही. मढ्याला जा म्हणतात, पाहुण्याला नाही. आणि त्याला अपमान वाटला तर? जो दिसत नाही त्याचा राग कसा ओळखायचा?

सकाळी चंदन टेम्पो पुसत होता. उत्तमरावांच्या लोकांनी सगळं जसंच्या तसं आणा म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं पाट, गडवा, हारांची टोपली असा सगळा पसारा न्यायचा होता. गीतांजली नवी मोरपंखी साडी नेसून फुलांच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. ट्यूबलाइट लावली नाही. खिडकीतून येणारा उजेड पुरेसा होता.

पाट रिकामा होता. तिनं त्याच्यासमोर उभं राहून हात जोडले. स्वतःचं तिला हसू येत होतं.

"येतो जी मी," ती म्हणाली. वऱ्हाडात बायामाणसंही येतोच म्हणतात. मग तिनं लहानपणापासून हजार वेळा उंबऱ्यात उभं राहून म्हटलेला शब्द म्हटला. "या आता."

पाण्याच्या ठिबकण्याखेरीज काही ऐकू आलं नाही. मग पाट वाजला, टक. कोणी उठलं म्हणजे कललेला पाट परत सरळ होतो, तेव्हाही तो तसाच वाजतो.

गीतांजली खोलीबाहेर आली ती उड्या मारत. "माय, उठला," ती म्हणाली आणि मायच्या गळ्यात पडली. गोदाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. दोघींनाही वाटलं, निरोप पोचला.

शब्द कुठला होता याचा विचार दोघींनाही शिवला नाही. निघणाऱ्याला आपण या म्हणतो. आणि या म्हटलं की जो यायचा तो येतो.

६

बडनेरा मागं पडलं तसा चंदन गाणी म्हणायला लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, तुरीला पिवळा फुलोरा आलेला. टेम्पोच्या पुढच्या बाकावर तिघांची जागा होती. चंदन गाडी चालवत होता, गीतांजली खिडकीशी. मधल्या जागेवर ती नेहमी पिशवी ठेवायची. आज पिशवी मांडीवर होती.

"ठेव न मंधात," चंदन म्हणाला.

"राहू दे, साडी चुरगळते."

साडी पिशवीमुळंच चुरगळत होती. तरी तिचा हात मधल्या जागेकडं गेला नाही.

मागं पाट लादलेले होते. खड्डा आला की टक वाजायचं. मूर्तिजापूरपर्यंत रस्ता बरा नव्हता, तिथं वाजणं साहजिक होतं. पुढं रस्ता गुळगुळीत झाला. तरी अधूनमधून टक. मोकळे पाट आहेत, वाजतात. गीतांजलीनं स्वतःला बजावलं आणि ती दुकानाच्या पाट्यांवरच्या आपल्या फोटोचा विचार करू लागली. कसं हसायचं, मान किती वळवायची. हार हातात धरायचा की गळ्यात? तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या, आणि त्या आनंदात टकटक बुडून गेली.

७

दुकानाचा नवा मजला काचेचा आणि पांढऱ्या भिंतींचा होता. दिव्यांनी डोळे दिपत होते. खुर्च्या भरून लोक मागं उभे होते, बायका जास्त, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. उत्तमरावांची सून रश्मी माइक घेऊन बोलायला उभी राहिली आणि गीतांजलीचं नाव तिनं घेतलं तेव्हा शिट्या पडल्या. गीतांजलीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ती आपल्या पाटावर बसली. शेजारी चंदननं पाहुण्याचा पाट मांडला, पुढं गडवा ठेवला. मग त्यानं मोबाइल लावला आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर राजवाडा उघडला. सोन्याचे खांब, झुंबरं, आणि त्यात हार गुंफणारी गीतांजली. कान होता, करंगळी होती, वेणी टोकापर्यंत होती.

पाहुण्याचा पाट पडद्यावर नव्हता.

तिनं मान वळवून पुन्हा पाहिलं. नव्हता. पुसला गेला होता, शहाण्यासारखा. तिला हसू आवरेना. चंदन मोबाइलमागून अंगठा दाखवत होता. गेला, ती मनात म्हणाली, खरंच गेला. आणि इतकी मोठी आपण, इतकी उजळ, भिंतभर.

"नमस्कार जी," तिनं सुरू केलं. मायनं सांगितल्याप्रमाणं पुढचे शब्द तिनं गिळले आणि सरळ राजवाड्याच्या गोष्टीवर आली. "आता हे पाहा, राजाच्या घरी आलो, आन राजा म्हने…"

"अवो ताई, ते राह्यलं न," मागून कोणी ओरडलं.

लोक हसले. रश्मीनं माइक उचलला. "ताई विसरल्या. आपण म्हणू या का सगळे मिळून?"

गीतांजली नको म्हणायला उठत होती. तिचा हात वर गेलाही होता. पण अख्ख्या मजल्यानं एका सुरात, टाळीच्या ठेक्यावर, प्रेमानं म्हटलं, "या जी, बसा."

टक.

आवाज लहानच होता. टाळ्यांत तो तिच्याशिवाय कोणाला ऐकू आला नसेल.

पडद्यावर राजवाड्याच्या मधोमध पाट उमटला. पाटावर भिंतीचा तुकडा. इथल्या पांढऱ्या भिंतीचा नव्हे. पोपटी रंग, खिळा, खिळ्याला सुतळीची लड. अकोल्यात कुठली आली ती लड? ती तर चार तासांपूर्वी घरी पाहिली होती, तिथंच अडकवलेली.

लोक हर्षानं वेडे झाले. "आला, पाव्हना आला."

गीतांजलीनं वर उचललेला हात समोर धरून पाहिला. हात होता. बांगड्याही होत्या. पडद्यावर त्या जागी सोन्याचा खांब होता. तिनं दुसरा हात उचलला, तर तिथं झुंबर होतं. पडद्यावरची गीतांजली काठाकाठानं जात होती, भिजलेल्या भिंतीचा रंग सुटावा तशी, आणि पोपटी तुकड्यात एकेक गोष्ट येऊन बसत होती. आधी एक कान, कानात चांदीचा झुमका. मग करंगळी. मग वेणीचं टोक, खांदा, मोरपंखी पदर. सगळं नीट, जागच्या जागी, दिव्यांत लखलखीत.

वेणी पाठमोरी होती. मग ती हलली. जे कोणी बसलं होतं ते मान वळवून लोकांकडं बघणार होतं.

गालाचा काठ दिसला तेवढ्यात गीतांजलीनं डोळे मिटून घेतले. तो गाल तिच्या ओळखीचा होता.

टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. सगळं दुकान दणाणून गेलं.

८

तिनं डोळे उघडले तेव्हा पडदा बंद झाला होता आणि लोक स्टेजवर चढत होते. ते तिच्या अंगावरून हात लांब करत पाहुण्याच्या पाटाशी जात होते. रश्मीनं पाटावर शालू पांघरला. "किती गोड दिसता हो तुम्ही," ती म्हणाली. उत्तमराव वाकून फोटोचं काहीतरी सांगत होते. गीतांजलीला मात्र तिथं पाट आणि शालूच दिसत होता, आणि शालू खाली पडत नव्हता.

"दादा," ती म्हणाली. चंदन पसारा आवरत होता. त्यानं मान वर केली आणि तिच्या हातातल्या हाराकडं पाहिलं. "अरे, हार इथीच राह्यला," असं पुटपुटत त्यानं तो तिच्या बोटांतून अलगद उचलला आणि टोपलीत टाकला. फुलं त्याला दिसली होती.

तिनं तिवईवरचा मोबाइल ओढून स्वतःसमोर धरला. पडद्यावर दोन ओळी आल्या. *कोणी दिसत नाही. समोर या.* ती समोरच होती. ती आणखी जवळ गेली, काचेला नाक लागेपर्यंत. ओळी हलल्या नाहीत.

निघायची वेळ झाली. दुकानाची सगळी मंडळी खाली दारापर्यंत आली. रश्मी म्हणाली, "या बरं का पुन्हा." उत्तमराव म्हणाले, "या ताई, येत राहा." दारातली प्रत्येक बाई हात हलवून या म्हणत होती, आणि सगळ्यांच्या नजरा टेम्पोकडं होत्या. गीतांजली दाराशी एका बाजूला उभी होती. तिला कोणी या म्हटलं नाही. घरातून बाहेर पडताना जो शब्द नोकराचाकरालाही मिळतो, तो तिला मिळाला नाही.

चंदननं टेम्पोचं दार उघडून धरलं. "चाल गीते, माय वाट पाहत असन." दार लागलं. खिडकीची काच अर्धी खाली होती. आता तिलाही दिसलं, आत मोरपंखी पदर होता, झुमका होता. तोंड पलीकडं होतं.

गीतांजली धावत खिडकीशी गेली. तिच्या मनात एकच होतं, जा म्हणायचं. आता तरी जा म्हणायचं, अपमान झाला तर होऊ दे. तो एक शब्द उच्चारला की सगळं सुटेल अशी तिची खात्री होती. तिनं तोंड उघडलं.

आतून तिच्याच आवाजात, तिच्याच गोडव्यानं कोणी म्हणालं, "येतो जी मी."

आणि जन्मभराची सवय, मायनं लावलेली, गीतांजलीच्या तोंडून शब्द निघून गेला.

"या."